पाचवं धुराडं

ला ब्रुजेरच्या वाडीत तिला नावानं हाक मारणारी माणसं दोनच. बाकी सगळ्यांना ती बेल्जीण. पाववाला, टपालवाला, खालच्या गावचा खाटीक, सगळे "बेल्जिणीचं घर", "बेल्जिणीच्या कोंबड्या" असंच म्हणत. पुढं पुढं तर तीही दुकानात उभी राहून सांगायची, "बेल्जिणीसाठी काढून ठेवा हो, मी येते जाताना." तिचं नाव इर्मा. नवऱ्याचं देझिरे. घर घेतलं त्यानं, हौस त्याची. पण तो या वाडीत धड दोन हिवाळेही पुरे टिकला नाही, आणि जिला यायचंच नव्हतं तिनं इथं हाडं झिजवली.

देझिरे बेल्जियममधल्या बोरिनाजचा, कोळशाच्या मुलखातला. बाप खाणीत, आजा खाणीत. मिसरूड फुटायच्या आधी तो जमिनीखाली गेला आणि केस पिकल्यावर वर आला, तो छातीत कोळसा भरूनच. खाण बंद पडली तेव्हा तो दोस्तांना सांगायचा, "वरची बंद झाली रे, माझ्या आतली अजून चालू आहे." मग हसायचा, हसता हसता खोकायचा, आणि खोकला थांबेपर्यंत सगळे दुसरीकडं बघत राहायचे.

इर्माही तिथलीच. मुलगी असताना पट्ट्यावरून वाहणाऱ्या कोळशातून दगड वेचायचं काम केलं होतं तिनं. लग्नानंतर कंपनीच्या चाळीवजा घरांत संसार. भिंतीला भिंत लागलेली, समोर सख्खी बहीण फ्लोर. एकीनं चिकोरीची कॉफी ठेवली की दुसरीला वास जायचा. दोरीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत करडे होत, पण कपडे काढताना चार बायका बोलायला भेटत. तिला यापेक्षा जास्त काही नको होतं.

एका उन्हाळ्यात मेहुण्याच्या गाडीतून ती सगळी फ्रान्समध्ये गेली, तंबू घेऊन. मार्जरीदच्या पठारावर, लोझेरमध्ये, एका ओढ्याकाठी उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी देझिरे पाइनच्या झाडांमधल्या चढावर चालायला लागला आणि न थांबता वर पोचला. वरून त्यानं हात हलवला.

"इर्मे! बघितलंस? थांबलो नाही मी!"

"बघितलं! उतर आता, सूप गार होतंय."

ती सूप ढवळत राहिली. नवऱ्याला ती ओळखत होती. आता हा माणूस इथून हलणार नाही, हे तिला त्या हात हलवण्यावरूनच कळलं.

त्याच आठवड्यात खानावळीबाहेर रुव्हिएर भेटला. गुरांचा व्यापारी, लाल चेहरा, मोठा आवाज, गळ्यात रुमाल. त्याची आत्या वारली होती आणि वर ला ब्रुजेरमध्ये तिचं घर रिकामं पडलं होतं. देझिरेनं नुसतं "घरं स्वस्त असतील इकडं, नाही?" म्हणायचा अवकाश, रुव्हिएरनं दोघांना गाडीत घातलं.

जुलैचा महिना. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळी झुडपं फुललेली, गवत कापून पसरलेलं. वाडी म्हणजे करड्या दगडाची मोजकी घरं, एक पाण्याचा हौद, आणि मधोमध चार खांबांवर टांगलेली घंटा. देऊळ नाही, दुकान नाही. आत्याचं घर जाडजूड दगडाचं, वर दगडी कौलं, आत भिंतीतली एवढी मोठी चूल की तिच्यात माणूस उभा राहावा. शेजारीच त्याच छपराखाली गोठा, त्यावर गवताचा माळा. देझिरे भिंतींवर हात फिरवत हिंडत होता, घोडं घेणारा घोड्याच्या पाठीवर फिरवतो तसा.

इर्मा अंगणातच थांबली. समोरच्या दारात एक म्हातारी पायरीवर बसून वाटाणे सोलत होती. ही बातिस्तीन. सगळी वाडी तिला बातिस्तीनमाय म्हणे.

"हिवाळ्यात रस्त्याचं कसं असतं?" इर्मानं रुव्हिएरला विचारलं.

"रस्ता? अहो बाई, रस्ता कुठं जाणार? इथंच असतो की!" तो स्वतःच खो खो हसला.

"आणि डॉक्टर?"

"खाली गावात. गाडीनं अर्ध्या तासात दारात हजर. तुमच्याकडं शहरात तरी इतक्या लवकर येतो का?"

इर्मानं समोर बातिस्तीनकडं बघितलं. दोन बायकांची नजर भेटली. म्हातारीनं मान खाली घातली आणि एक शेंग फोडली.

महिनाभरात नोटरीकडं सह्या झाल्या. खाणीनं छातीच्या बदल्यात जी भरपाई दिली होती ती घरात गेली. बोरिनाजमध्ये फ्लोर रडली, मुलगी गिलेन रागावली. गिलेनचं नुकतंच लग्न झालं होतं. "मम्मी, तू त्यांना नाही म्हणू शकत नाहीस का गं?"

"कशाला नाही म्हणू? श्वास घेऊ नकोस म्हणू?"

आणि एक गोष्ट होतीच. देझिरे जन्मभर कंपनीच्या घरात राहिला होता, बापही तिथंच मेला होता, आणि मेल्यावर महिन्याच्या आत आईला घर खाली करावं लागलं होतं. नोटरीच्या पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "इर्मे, आता आपल्याला कुणी बाहेर काढायचं नाही." त्याच्या तोंडावर जे काही होतं ते बघून तिनं पुढं कधी तक्रार करायची नाही असं ठरवलं, आणि बऱ्याच अंशी पाळलंही.

पहिला उन्हाळा, पहिली शरदाची उन्हं, खरंच सुखाची गेली. देझिरेनं कोबी लावला, कोंबड्यांसाठी खुराडं केलं. संध्याकाळी सिप्रियाँबाबा येऊन बसे. हा वाडीतला एकटा म्हातारा, बायको नसलेला, दोन गायी आणि तोंडात सदा विझलेली विडी.

"काय हो, तुमच्याकडं बटाटे दोनदा तळतात म्हणे," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "का? पहिल्यांदा तळलेले विसरतात?"

"नाही बाबा," देझिरे म्हणाला. "एकदा आमच्यासाठी तळतो. आणि एकदा फ्रेंच पाहुण्यासाठी. त्याला पहिल्या खेपेला कळत नाही."

म्हाताऱ्यानं विडी तोंडातून काढली, थोडा वेळ विचार केला, आणि मांडीवर थाप मारून हसला. तेव्हापासून तो इर्माला नावानं हाक मारू लागला.

एक गोष्ट इर्माला नवलाची वाटे. वाडीतली माणसं तशी कोरडी, बोलायला घाबरणारी. पण ऑक्टोबरात इर्मानं पहिल्यांदा चूल पेटवली आणि धूर वर गेला, तेव्हा समोरच्या दारात बातिस्तीन उभी राहून त्या धुराकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. दुसऱ्या दिवशी तिनं डुकराच्या चरबीचा एक तुकडा आणि शेवाळी रंगाच्या डाळीची पिशवी दारात आणून ठेवली. इर्माला वाटलं, बाई मनानं चांगली आहे.

पहिला हिवाळा हलका गेला. बर्फ पडलं, वितळलं, पाववाल्याची गाडी आठवड्याच्या आठवड्याला येऊन भोंगा वाजवत राहिली. "बघ," देझिरे म्हणाला, "उगाच घाबरवतात लोक." खरं तर कुणीच घाबरवलं नव्हतं.

पण कोळसा काही डोंगरावर चढून आला म्हणून छातीतून उतरत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात देझिरे चढावर थांबू लागला. मग अंगणात थांबू लागला. शरदात इस्पितळानं ऑक्सिजनचे सिलिंडर दिले. खालच्या गावाहून माणूस येई, रिकामा नेई, भरलेला ठेवी. गिलेनचा फोन बातिस्तीनच्या घरी येई, कारण वाडीचा एकुलता एक टेलिफोन तिच्या स्वयंपाकघरात होता. ती दारात येऊन ओरडे, "बेल्जीण! मुलगी!" आणि इर्मा एप्रनला हात पुसत धावे.

"मम्मी, या ना परत. इथं निदान इस्पितळ कोपऱ्यावर आहे."

"तुझा बाप येणार नाही."

"त्यांना विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात?"

जानेवारीत एका दुपारी सिप्रियाँबाबा दारात आला, उत्तरेकडं बघत म्हणाला, "पांढरं येतंय. लाकडं आत घ्या. दार उघडताना दोर धरून उघडा." पांढरं म्हणजे हिमवादळ. इथल्या लोकांना दुसरा शब्द लागत नाही. संध्याकाळी ते आलं. वरून पडणारं बर्फ नव्हतं ते. आडवं येत होतं, खालून उडत होतं, भिंतीतल्या फटींतून पिठासारखं आत येत होतं. समोर बातिस्तीनचं घर, एका हाकेवरचं, ते नाहीसं झालं. मधूनमधून घंटा ऐकू येई. पांढरं असलं की वाडीतली माणसं आळीपाळीनं घंटा वाजवत. बाहेर कुणी चुकलं असेल तर त्याला दिशा कळावी म्हणून. कोण बाहेर आहे हे ठाऊक नसलं तरी वाजवत.

सिलिंडर आणणारा माणूस त्या आठवड्यात यायचा होता. तो आला नाही, येणारही नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी सिलिंडरचा काटा खाली टेकला. देझिरे बिछान्यात उशांना टेकून बसला होता, ओठ निळसर, खांदे वरखाली होत होते. प्रत्येक श्वास म्हणजे जणू पाटी भरून वर ओढायची.

इर्मानं त्याचे जुने बूट पायात चढवले.

"कुठं?"

"बातिस्तीनकडं. फोन करते. ते बर्फ काढायचं यंत्र पाठवतील, काहीतरी करतील."

त्यानं तिची बाही धरली. "नको जाऊस."

"आत्ता येते रे. समोर तर आहे."

"इर्मे. नको."

तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. ही गोष्ट ती पुढं आयुष्यभर कुणाला सांगायला धजली नाही. खूप वर्षांनी फक्त बातिस्तीनला सांगितली. बोटांत जोर नव्हता, लहान मुलाच्या बोटांसारखी सुटली.

भिंत धरून ती निघाली. भिंत संपली तिथून समोरच्या दारापर्यंत मोकळं होतं, रोजच्या पायाखालचं. तिनं सरळ चालायचं ठरवलं. थोड्या वेळानं भिंत लागायला हवी होती, ती लागली नाही. डोळे उघडे ठेवता येत नव्हते, ठेवले तरी पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. कमरेएवढ्या बर्फात ती एकदा पडली, उठली, आणि उठल्यावर आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे हेच तिला कळेना. ती ओरडली. आवाज तोंडातून निघाला की वारा घेऊन जाई. मग ती बसली. बसल्यावर बरं वाटलं, आणि हे बरं वाटणंच वाईट, असं तिला खाणीतल्या जुन्या माणसांच्या बोलण्यावरून आठवलं.

तेवढ्यात घंटा वाजू लागली. कधी डावीकडून, कधी मागून, वारा तिला फिरवत होता. ती हातापायांवर रांगत आवाजाकडं निघाली, चुकली, पुन्हा वळली. शेवटी डोकं एका दगडी खांबावर आपटलं. घंटेची दोरी ओढणारी बातिस्तीन किंचाळली, "अगं देवा, ही बघा कोण!"

टेलिफोन मुका होता. तार कुठंतरी तुटली होती. बातिस्तीननं तिच्या तोंडात गरम दारू ओतली, घंटेच्या पाळीवर आलेल्या सिप्रियाँबाबाला बोलावलं. त्यानं स्वतःच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक इर्माच्या कमरेला, आणि दोघं परत निघाली. जे अंतर उन्हाळ्यात कोंबडी धावत पार करे, तेवढं जाऊन यायला सगळी दुपार सरली होती.

देझिरे बिछान्यात नव्हता. तो उठला होता, खिडकीपर्यंत गेला होता, आणि खिडकी उघडली होती. हवा हवी होती त्याला. खिडकीखाली जमिनीवर भिंतीला टेकून बसलेला सापडला. बर्फ आत येऊन त्याच्या मांडीवर साचलं होतं, आणि वितळत नव्हतं.

इर्मा रडली नाही. तिनं आधी खिडकी लावली. मग ओंजळीनं त्याच्या मांडीवरचं बर्फ काढून चुलीजवळच्या बादलीत टाकायला लागली. सिप्रियाँबाबानं तिचे हात धरले. "राहू दे पोरी. राहू दे आता."

पांढरं थांबलं तरी रस्ता उघडला नाही. खाली दरीत वळणावर घराएवढा ढीग बसला होता. आणि रस्ता उघडला असता तरी जमीन लोखंडासारखी झाली होती, कुदळ मारली तर ठिणगी उडावी. सिप्रियाँबाबानं जुन्या काळी करत तसंच करायचं ठरवलं. देझिरेला स्वच्छ कपडे घालून, चादरीत गुंडाळून, वर गवताच्या माळ्यावर ठेवलं. तिथं चुलीची ऊब पोचत नव्हती. पेटीसाठी फळ्या बाबानं स्वतःच्या घरून आणल्या. ओकच्या जुन्या, रंधा मारलेल्या फळ्या.

"या कसल्या?" इर्मानं विचारलं.

"माझ्या. माझ्यासाठी ठेवल्या होत्या." बाबा खिळे तोंडात धरून बोलत होता. "मला काही घाई नाही."

ठोकताना तो मध्येच थांबला. "हा बेल्जियन माझ्यापेक्षा लांब निघाला, फळी जेमतेम पुरतेय," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं.

इर्मा खाली स्वयंपाकघरात बसे, वर छपराखाली नवरा. वाडीतली माणसं येऊन बसत, माळ जपत, कॉफी पीत, जात. असेच किती दिवस गेले. एका सकाळी फक्त बातिस्तीन होती, आणि इर्मानं विचारलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"काय?"

"रस्ता बंद होतो ते. तो माणूस खोटं बोलत होता, आणि तुम्ही समोर वाटाणे सोलत होता. मी तुमच्याकडं बघितलं होतं. आजारी माणूस आहे हे दिसत होतं तुम्हाला. त्याचा खोकला तुमच्या पायरीपर्यंत ऐकू येत होता."

बातिस्तीननं पेला खाली ठेवला. ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं असं इर्माला मागाहून वाटलं.

"हो. ठाऊक होतं."

"मग?"

"रुव्हिएरची आत्या गेली आणि वाडीत चार धुराडी उरली. पाववाला म्हणाला, चार घरांसाठी मी गाडी वर आणत नाही, पाच असली तर येतो. आम्ही म्हातारी माणसं. पावासाठी बर्फातून खाली कोण जाणार?" तिनं पेला बाजूला सारला. "तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"विचारलं होतं मी!"

"त्याला विचारलंत. मला नाही."

"पावासाठी," इर्मा म्हणाली. "पावासाठी माझा माणूस."

"पावासाठी," बातिस्तीन म्हणाली, आणि शाल गुंडाळून निघून गेली.

यंत्र वर आलं त्यामागोमाग गिलेन आली. बापाला खालच्या गावच्या कबरस्तानात पुरलं, त्यासाठी जमिनीवर आधी दोन दिवस जाळ करावा लागला. गिलेन आईचं सामान बांधायला लागली. इर्मा म्हणाली, घर विकल्याशिवाय येत नाही. सगळं यातच अडकलंय, तुझ्या दारात भिकारणीसारखी येऊ का?

वसंतात ती गुरांच्या बाजारात गेली आणि गर्दीतून रुव्हिएरपर्यंत पोचली. भोवती वीसतीस माणसं, दोरखंडांना बांधलेले बैल. "तुमचं घर तुम्ही परत घ्या," ती म्हणाली. "खोटं सांगून विकलंत. माझा नवरा त्यात मेला."

रुव्हिएरचा लाल चेहरा आणखी लाल झाला. पण तो माणूस बोलण्यात हरणारा नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या नवऱ्याच्या छातीत कोळसा काय मी भरला होता?"

सगळे तिच्याकडं बघत होते. ज्या कंपनीनं कोळसा भरला तिच्याकडं जाऊन असं कुणी कधी ओरडलं नव्हतं, तीही नाही. ती वळली आणि चालत घरी आली.

घर विकलं गेलं नाही. त्या काळी अशी घरं कुणी फुकट घेत नव्हतं. एक वर्ष गेलं, मग दुसरं. कोंबड्या वाढल्या, कोबी लागला. फ्लोरची पत्रं येत, मग फ्लोर आजारी पडली. इर्मा बातिस्तीनशी बोलत नसे. टेलिफोनसाठी तिच्या स्वयंपाकघरात जाई, फोन करी, पैसे बशीत ठेवी, निघून येई. बातिस्तीनही "बेल्जीण! मुलगी!" एवढंच ओरडे. पाववाल्याच्या गाडीपाशी दोघी शेजारी उभ्या राहत, दोघी दोन पाव घेत, दोघी दोन दिशांनी जात.

एका डिसेंबरात पांढरं आलं आणि घंटा वाजली नाही. इर्मा चुलीपाशी बसून वाट बघत राहिली. बातिस्तीनचं खुब्याचं हाड मोडलं होतं, हे तिला ठाऊक होतं. सिप्रियाँबाबा इस्पितळात होता. उरलेल्या दोन घरांतली माणसं हिवाळ्यापुरती आपापल्या मुलांकडं गेलेली. कुणी नव्हतंच वाजवायला. इर्मानं देझिरेचे बूट चढवले, दारापासून दोर बांधून घेतला, खांबांपर्यंत गेली आणि दोरी ओढायला लागली. हात सुन्न होईपर्यंत ओढत राहिली, घरी येऊन शेकली, पुन्हा गेली. बाहेर कुणी चुकलं होतं का, कधीच कळलं नाही.

वादळ ओसरल्यावर ती बातिस्तीनच्या दारात गेली. म्हातारी खुर्चीत होती, चूल विझत आली होती.

"तूच होतीस होय?" बातिस्तीन म्हणाली. "मला वाटलं भूत वाजवतंय. ताल नाही काही नाही."

"बेल्जियन ताल आहे तो," इर्मा म्हणाली, आणि लाकडं आत आणायला गेली.

तेव्हापासून त्या बोलायला लागल्या. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. त्या हिवाळ्यात इर्मानं बातिस्तीनला बोटं सोडवल्याची गोष्ट सांगितली. म्हातारी आगीत एक लाकूड सारून म्हणाली, "थांबली असतीस तरी मेला असता. पण थांबायला हवं होतं गं इर्मा." तिनं नावानं हाक मारली ती ही पहिली. इर्मानं मान हलवली. इतक्या वर्षांत कुणीतरी खरं बोललं होतं.

सिप्रियाँबाबा इस्पितळातून परत आला नाही. त्याच्या घरावर पुतण्यानं विकायची पाटी लावली. आता काळ बदलला होता. परदेशातून माणसं येऊन डोंगरातली घरं बघत हिंडत. एका जूनमध्ये एक डच जोडपं आलं. तरणीबांड, सोनेरी केसांची, पाठीवर तान्हं मूल. ती हौदापाशी थांबून इर्माशी बोलू लागली. समोर बातिस्तीन दारात बसली होती.

इर्मानं विचारायची वाट बघितली नाही. तिनं सगळं सांगितलं. रस्ता बंद होतो. फोन तुटतो. डॉक्टर येत नाही. माझा नवरा वर माळ्यावर दोन आठवडे पडून होता. या मुलाला ताप आला तर काय कराल?

पोरीचा चेहरा उतरला. नवरा मात्र हसला. "नाही, नाही, आम्ही फक्त जुलै-ऑगस्टमध्ये येणार!" त्यानं इर्माचा हात हातात घेऊन आभार मानले. आणि घर घेतलं.

ती चांगली माणसं होती. उन्हाळ्यात येत, खिडक्यांत फुलं लावत, इर्मासाठी चीज आणत. ऑगस्ट संपला की खिडक्या बंद, चूल बंद. सप्टेंबरात पाववाल्याच्या मुलानं, आता गाडी तो चालवी, वर येऊन वाडीभर नजर फिरवली, धूर निघणारी धुराडी मोजली आणि सांगितलं, पुढच्या महिन्यापासून जमणार नाही.

"खरं बोललीस ना?" बातिस्तीन म्हणाली. "आता खा."

"तू गप्प बसली होतीस म्हणून तुला वीस वर्षं पाव मिळाला," इर्मा म्हणाली. "पचला का?"

"नाही," म्हातारी म्हणाली. मग जराशानं, "पण खाल्ला."

पुढं पाव इर्माच भाजू लागली, दोघींपुरता. बातिस्तीन गेली ती मार्चमध्ये, बिछान्यात, इर्माचा हात धरून. या खेपेला इर्मानं हात सोडवला नाही. तो गार होऊन बराच वेळ झाला तरी नाही.

त्यानंतरचे हिवाळे ती वाडीत एकटी होती. गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू वाढला. शेवटी गिलेन ऑक्टोबरात आली आणि काही न विचारता तिला घेऊन गेली. कोंबड्या खालच्या गावात वाटून टाकल्या. निघताना इर्मा खालच्या कबरस्तानापाशी गाडी थांबवायला म्हणाली, पण पाऊस जोरात होता आणि तिला उतरवलं नाही.

बोरिनाजमध्ये आता कोळशाच्या ढिगांवर बर्चची झाडं उगवली होती. फ्लोर नव्हती. कंपनीची घरं रंगवून दुसऱ्याच लोकांनी घेतली होती. वृद्धाश्रमात बायका तिच्या बोलण्याला हसत. इतक्या वर्षांत तिचे हेल डोंगरातले झाले होते. त्या तिला फ्रेंचीण म्हणत.

"तुम्ही कुठल्या हो, फ्रेंचीणबाई?" जेवणाच्या टेबलावर एकीनं विचारलं.

"ला ब्रुजेरची."

"तिथं कोण असतं तुमचं?"

"नवरा असतो," इर्मा म्हणाली, आणि सूप पुढं ओढलं.

फेब्रुवारीत ती वारली. गिलेननं खालच्या गावच्या सरपंचाला फोन करून विचारलं, आईला तिथं बाबांशेजारी आणता येईल का. सरपंच भला माणूस होता. म्हणाला, आणा ना, पण जमीन मऊ व्हायला एप्रिलपर्यंत थांबावं लागेल. गिलेनला तेवढं थांबणं झालं नाही. इर्माला बोरिनाजमध्येच, फ्लोरच्या शेजारी ठेवलं. वाडीतल्या तिच्या घराची किल्ली डच माणसांकडं आहे. ती ऑगस्टमध्ये एकदा जाऊन खिडक्या उघडतात, आणि परत लावून येतात.